फेरो, फेर्रे, तुली, लातुम

चूक कबीरची होती, पण त्याबद्दल त्याला घरी कोणी कधी बोललं नाही.

सौमित्र आणि रुपाली बेलसरे यांच्या लग्नाला डिसेंबरात पंचवीस वर्षं झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा कबीर तेव्हा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पिस्कॅटवेला कॉलेजात शिकत होता. त्याने तिकडूनच आईबाबांना एक भेट पाठवली: ते राहायचे त्या रेडमंडच्या कम्युनिटी सेंटरमधला क्लास, दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा, बारा आठवडे.

"लॅटिन आहे, आई," तो फोनवर म्हणाला. "यू गाइज नेव्हर डू एनिथिंग टुगेदर. बाबांना पण ओढून ने."

लॅटिन म्हणजे लॅटिन डान्स, असं कबीरनेही धरलं होतं आणि या दोघांनीही. रुपालीने थोड्या टाचेचे लाल सँडल आणले. सौमित्रने कपाटातून एक काळा, घट्ट होत चाललेला शर्ट काढला. दोघं गेले तर वर्गात बाकं मांडलेली, फळ्याशेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या, आणि समोर फक्त तीन माणसं: झाडांची शास्त्रीय नावं कळावीत म्हणून आलेले एक दाढीवाले आजोबा आणि मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या दोन मुली.

"बाकं कधी सरकवणार?" सौमित्रने हळूच विचारलं.

"थांब ना. आधी थिअरी असेल."

बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, ऑल्सन. चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. मग त्यांनी फळ्यावर 'प्रेम करणे' या क्रियापदाची सहा रूपं लिहिली आणि सगळ्यांकडून ती तालात म्हणून घेतली. त्याच वेळी भिंतीपलीकडे ढोल वाजायला लागले आणि कुणीतरी "वन, टू, थ्री" ओरडायला लागलं. खरा डान्स क्लास तिकडे होता. रुपालीने सँडल बाकाखाली लपवले.

"आता मधेच उठलो तर बरं दिसेल का?" ती पुटपुटली. बाहेर पाऊस धो धो पडत होता. दोघं बसून राहिले.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली आणि रुपालीला एकदम हसू फुटलं. ते इतकं लांबलं की मागच्या गाडीने हॉर्न दिला. सौमित्रही हसला. गेल्या कित्येक महिन्यांत ते एकत्र हसले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. पण घरात वाक्यंच मोजकी उरली होती: दूध संपलंय, उद्या गार्बेजचा दिवस आहे, कबीरचा फोन आला होता. कबीरला त्यांनी ठरवून सांगितलं, क्लास मस्त चाललाय. आणि पुढच्या गुरुवारी, एकमेकांना न विचारताच, दोघं पाच वाजता पुन्हा तिथे हजर झाले.

हळूहळू त्या खोलीची त्यांना गोडी लागली. खोली वरच्या मजल्यावर होती आणि बरोबर तिच्याखाली पोहण्याचा तलाव. जानेवारीत रेडमंडला साडेचारलाच दिवे लागतात, मग अंधार आणि पाऊस यांत फरक करता येत नाही. काचांवर वाफ धरलेली असायची. जमिनीखालून पाण्याचे डुबुक डुबुक आवाज यायचे, मधूनच शिट्टी, क्लोरिनचा मंद वास. आणि त्या सगळ्यावर, कुणाच्याच घरात बोलली न जाणाऱ्या भाषेतली वाक्यं सहा माणसं एका सुरात म्हणायची. नावाडी गुलाब आणतो. राणी बेटावर राहते. रुपालीला कधी कधी वाटायचं, आपण सगळे तळ्याच्या बुडाशी बसलोय, आणि वर, खूप वर, आपलं रोजचं आयुष्य गाड्या चालवत इकडून तिकडे जातंय.

सातव्या आठवड्यात ऑल्सनबाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले. फेरो, फेर्रे, तुली, लातुम.

"मी वाहतो, वाहणे, मी वाहिलं, वाहिलेलं," त्या म्हणाल्या. "हे चारही एकाच क्रियापदाचे आहेत. बघा आणि सांगा, यांत विचित्र काय आहे?"

"तुली आणि फेरो यांच्यात काहीच सारखं नाही," दाढीवाले आजोबा म्हणाले.

"बरोबर. कारण ते मुळात दोन वेगळे शब्द. 'फेरो'ला स्वतःचा भूतकाळ नव्हताच. होता असला तरी केव्हाच हरवला. मग त्याने शेजारच्या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ उसना घेतला. त्याचा अर्थ होता उचलणे, पेलणे. 'लातुम'सुद्धा त्याच घरातला, आधी 'त्लातुम' होता. 'त्ल' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून त गळून गेला." बाईंनी खडू ठेवला आणि बेलसऱ्यांकडे पाहिलं. "तुमच्याकडे संस्कृत शिकवतात ना? या दोघांचे नातेवाईक तिथे आहेत म्हणतात."

सांगलीच्या शाळेत रुपालीला दहावीला संस्कृतमध्ये अठ्ठ्याण्णव मार्क होते. चौतीस वर्षांत तिला त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. ती सरळ बसली.

"भृ," ती म्हणाली. "भरति. म्हणजे वाहून नेतो. आम्ही भार म्हणतो, वजनाला. तो फेरोचा." मग ती थांबली, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली. "आणि तुली... तुला! तुला म्हणजे तराजू. तोलणं. उचलून बघणं, किती जड आहे ते."

"तुला," ऑल्सनबाईंनी शब्द तोंडात घोळवला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी रुपालीला पुढे बोलावून ते देवनागरीत फळ्यावर लिहायला लावलं. 

"पण असं का होतं?" मेडिकलवाल्या एका मुलीने विचारलं. "रेग्युलर का नाही राहत?"

"जे शब्द माणसं क्वचित वापरतात ते शिस्तीत राहतात," बाई म्हणाल्या. "रोज, सारखं, हरघडी लागणारे शब्दच असे झिजून, तुटून, दुसऱ्याचा हात धरून उभे राहतात. असणं, जाणं, वाहणं."

त्या संध्याकाळी गाडीत सौमित्रने वायपर लावले. मग म्हणाला, "आपल्यातपण आहे की. आपण 'जातो' म्हणतो आणि मग 'गेला' म्हणतो. 'जाला' नाही म्हणत."

"खरंच की," रुपाली म्हणाली. "आणि निघताना तर 'जातो' म्हणतच नाही आपण. 'येतो' म्हणतो."

"जाते, गेली," सौमित्र स्वतःशीच म्हणाला. वायपर फिरत राहिले. त्याने पुढे काही बोलायचा प्रयत्न केला, असं तिला वाटलं, पण तेवढ्यात घर आलं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी कागद वाटले. "तुली वापरून एक वाक्य लिहा. पण पुस्तकातलं नको. खरं लिहा. आयुष्यात तुम्ही खरोखर जे वाहिलंय ते."

दहा मिनिटं खोलीत फक्त पेन्सिलींचा आवाज होता आणि खालून पाण्याचा. मग एकेकाने वाचलं. आजोबांनी पाणी वाहिलं होतं, लहानपणी, विहिरीवरून. एका मुलीने पुस्तकं. दुसरीने आजारी मांजर. 

रुपालीने कागद उचलला. "फिलियम तुली."

"मी मुलगी वाहिली. पोटात," ऑल्सनबाई हसून म्हणाल्या. "अगदी योग्य वापर. मला माहीत नव्हतं तुम्हाला मुलगीही आहे."

"नाही," रुपाली म्हणाली. "नाहीये."

बाईंचं हसू विरलं. त्यांनी मान एकदाच हलवली. 

आता सौमित्रची पाळी होती. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, की त्याने दोन बॅगा वाहिल्या, मुंबईच्या विमानतळापासून. त्याने कागदाची घडी केली. "पास," तो म्हणाला.

पार्किंगमध्ये त्याने गाडी सुरू केली नाही. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यातून सेंटरचे दिवे लांबट, हलते दिसत होते.

"चोवीस वर्षांत तू एकदाही तो शब्द बोलली नाहीस," तो म्हणाला.

"मराठीत बोलता येत नाही," रुपाली म्हणाली. "मराठीत म्हटलं की आईचा आवाज येतो. 'विसर आता, दुसरं होईल.' लॅटिनमध्ये कोणीच काही म्हणालेलं नाही मला."

दोन हजार एक साली ते मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होते. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, रुपालीचं ब्लड प्रेशर एकाएकी चढलं, झटके आले. तिला शुद्ध आली तेव्हा दोन दिवस उलटले होते आणि पोट रिकामं झालं होतं. मुलगी होती, एवढंच तिला सांगण्यात आलं. जिवंत नव्हती जन्मली.

"मला एक सांगायचंय," सौमित्र म्हणाला. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, जणू गाडी चालू आहे. "कागदावर मी आपल्या बॅगा वाहिल्याचं लिहिलं होतं. पण माझं वाक्य ते नव्हतं. मीपण तिलाच... मी तिला घेतलं होतं, रुपा. हातात."

रुपालीने मान वळवली.

"नर्सने विचारलं, घ्यायचंय का म्हणून. तू आयसीयूमध्ये होतीस. मी हो म्हटलं."

"तू पाहिलंस तिला?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर. जरा जास्तच."

पाऊस टपावर वाजत राहिला. रुपाली काही बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता. "मला वाटायचं, तिला कोणीच पाहिलं नाही. चोवीस वर्षं मला वाटत आलंय, की माझं पोर या जगात आलं आणि कोणाच्या नजरेलासुद्धा पडलं नाही. आणि तुला माहीत होतं."

"डॉक्टर म्हणाले, तुला त्रास होईल असं काही बोलू नका. तुझी आई पण फोनवर म्हणाली, विषय काढू नकोस. आधी तू बरी होईपर्यंत थांबलो. मग तू कधी विचारलंच नाहीस..."

"मी कशी विचारणार? काही पाहण्यासारखं होतं हेच मला माहीत नव्हतं!" ती पहिल्यांदाच ओरडली. "गाडी चालव."

तो आठवडा वाईट गेला. रुपाली कबीरच्या खोलीत झोपायला गेली. ती ऑफिसला जायची, यायची, स्वयंपाक करायची, आणि सौमित्र समोर आला की तिची नजर त्याच्या हातांवर जायची आणि तिथून झटकन बाजूला व्हायची. गुरुवारी ती त्याला न सांगता गाडी घेऊन एकटीच क्लासला निघून गेली.

सौमित्र बसने गेला. एक बस चुकली, दुसरीसाठी पावसात उभा राहिला. वर्गात शिरला तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला होता आणि केसांतून पाणी गळत होतं. तो दारात घुटमळला. ऑल्सनबाईंनी शिकवणं थांबवलं नाही. रुपालीने त्याच्याकडे न बघता शेजारच्या बाकावरची आपली पर्स उचलली आणि खाली ठेवली.

क्लास सुटल्यावर दोघं जिन्याने खाली आले. खालच्या पॅसेजमध्ये एक मोठी काच आहे, तिच्यातून तलाव दिसतो. तिथे त्या वेळी आयांचा आणि बाळांचा वर्ग चाले. सहा-आठ महिन्यांची बाळं पाण्यावर पाठीवर निजवलेली, आयांचे तळहात त्यांच्या डोक्याखाली. काचेमुळे आवाज येत नव्हता. हिरवट उजेडात सगळं अगदी सावकाश हलत होतं. एक बाळ वर छताकडे टक लावून पाहत होतं आणि त्याची आई त्याला पाण्यावरून मागे मागे ओढत नेत होती.

रुपाली काचेशी थांबली. सौमित्र दोन पावलं मागे.

"केस होते?" तिने विचारलं. काचेकडे बघतच.

"होते. काळे, ओले. कपाळावर चिकटलेले."

"आणि?"

"कान तुझ्यासारखे. अगदी चिकटलेले. नखं होती. मला आश्चर्य वाटलं, नखं आलेली होती सगळी."

"डोळे?"

"मिटलेले."

"वजन किती होतं?"

"दोन पौंड चौदा औंस. नर्सने कागदावर लिहून दिलं होतं. कागद मी ठेवला नाही, पण आकडा लक्षात राहिला."

रुपालीने कपाळ काचेला टेकवलं. "तासभर काय केलंस तू?"

हे सौमित्र कधीच कुणापुढे बोलला नव्हता. बोलायला लागल्यावर त्याला जाणवलं, की आत सगळं होतं तसंच आहे. "खोलीत बसवेना. म्हणून तिला घेऊन कॉरिडॉरमधून चालत राहिलो. शेवटी एक खिडकी होती. बाहेर बर्फ पडत होता, मोठा मोठा, कापसासारखा. मी तिला उंच धरून तो दाखवला. म्हटलं, हा बघ स्नो. तुझी आई सांगलीची आहे, तिला हा अजिबात आवडत नाही." तो थांबला. "तुझ्याबद्दल बोलत होतो मी तिच्याशी. बराच वेळ. तुझं काय होईल ते कळत नव्हतं. वाटलं, निदान तिला तरी सांगावं, तिची आई कशी आहे."

रुपाली वळली. ती रडत होती, पण तिचा चेहरा आठवडाभर होता तसा घट्ट नव्हता. तिने त्याचे दोन्ही हात धरून उताणे केले आणि तळव्यांकडे बघत उभी राहिली. पलीकडे बाळांचा वर्ग संपला. आया त्यांना टॉवेलात गुंडाळून एकेक करत निघून गेल्या, आणि रिकामं पाणी बराच वेळ हलत राहिलं.

"तिला ठेवलंय कुठे?" शेवटी ती म्हणाली.

"ईडन प्रेरीपासून थोडं पुढे एक स्मशान आहे. त्यात अशा बाळांची वेगळी जागा आहे. मी एकदाच गेलो होतो."

"मला जायचंय."

एप्रिलच्या सुरुवातीला, क्लास संपल्यावर, ते मिनेसोटाला गेले. मिनियापोलिसला उतरून गाडी भाड्याने घेतली. ईडन प्रेरीत त्यांचं जुनं अपार्टमेंट होतं, तिथे आता वेगळ्या रंगाच्या इमारती होत्या. तळ्यांच्या कडांना अजून मळकट बर्फाच्या चकत्या तरंगत होत्या आणि झाडांना पालवीचा नुसता भास होता. स्मशानाच्या ऑफिसातल्या मुलीने तारीख विचारली, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि नकाशाच्या कागदावर पेनाने एक छोटा गोल करून दिला.

गवतात बसवलेले लहान लहान दगड होते, पुस्तकाएवढे. काहींवर नावं, काहींवर नुसत्या तारखा. सौमित्र ओळी मोजत गेला आणि एका दगडापाशी उभा राहिला. रुपालीने खाली बसून त्यावरचं वाळकं गवत हाताने बाजूला केलं. 'बेबी गर्ल बेलसरे' आणि तारीख. 

दूर एक माणूस मशीनने वाळकी पानं उडवत होता, त्याचा आवाज वाऱ्याने कधी यायचा, कधी यायचा नाही. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. रुपालीला वाटलं होतं, इथे आल्यावर छाती फुटेल. तसं काही झालं नाही. उलट फार दिवसांनी कुणाकडे तरी जाऊन टेकल्यासारखं वाटलं.

"केवढी होती?" तिने विचारलं. "दाखव."

सौमित्रने हात पुढे करून अंतर दाखवलं. मग त्याला ते पुरेसं वाटेना. त्याने अंगातलं जाकीट काढलं, बाह्या आत दुमडल्या, घडी घातली. मोठी झाली. त्याने उलगडून पुन्हा घातली, आणखी लहान, आणि ती घडी आपल्या डाव्या हातावर, कोपराच्या खळग्यात घेऊन पाहिली. त्याच्या शरीराला ते माप आठवत होतं. मग त्याने ती रुपालीच्या हातात दिली.

"एवढी?"

"एवढीच. डोकं इकडे होतं."

रुपालीने हात त्या बाजूला नीट टेकवला. ती दगडाशेजारी गवतात तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने ती अगदी हळू पुढेमागे हलायला लागली. सौमित्र शर्टावर, थंडीने आखडत, तिच्याजवळ उभा होता. तिला जाकीट परत द्यायचं नव्हतं, आणि त्याला ते मागायचं नव्हतं.

पाच वाजता ऑफिसातली मुलगी गेटाशी आली आणि तिने लांबूनच हात केला. दोघं उठले. गाडीत बसल्यावर रुपालीने एका हातानेच फोन काढला आणि कबीरला लावला.

"हाय आई! व्हॉट्स अप? डान्सचा व्हिडिओ कधी पाठवताय? यू प्रॉमिस्ड."

"डान्स नाही शिकलो आम्ही. ते नंतर सांगते," रुपाली म्हणाली. "तू कुठे आहेस? बसलायस का?"

"लायब्ररीत. का? आई, इज एव्हरीथिंग ओके? बाबा कुठेत?"

"बाबा इथेच आहेत, शेजारी. आम्ही दोघं ईडन प्रेरीला आलोय. जरा बाहेर ये, बाळा. तुला नीट, पहिल्यापासून सांगायचंय. तुला एक मोठी बहीण होती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार, मग उघड्यावरचा वारा. "ओके," कबीर म्हणाला. "ओके. सांग. मी ऐकतोय."

सौमित्रने गाडीचं इंजिन बंद केलं आणि सीट थोडी मागे घेतली, म्हणजे तिला निवांत बोलता येईल.